घुशीसाठी बीव्हरचे सापळे

अल मजाज, शारजा
१४ नोव्हेंबर २००९

रा. रा. विजयकुमारराव व्याही यांना आत्मारामाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार. सौ. अनुराधाविहीणबाईंनाही सांगावा.

तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टर जिने चढू नका म्हणतात आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, तेव्हा खाली उतरलात की वर कसे जाता हा विचार मला अधूनमधून पडतो. तिळाच्या तेलात ओवा टाकून लावत जा. माझ्या गुडघ्याला त्याने काही फरक पडला नाही, पण चोळताना बरं वाटतं. आम्ही इकडे खुशाल आहोत. (हा शब्द मी पत्रात सवयीने लिहितो, पण या खेपेला तो खरा आहे. कसा, ते सांगायलाच हे पत्र.)

दिवाळीच्या फोनवर तुम्ही उर्वीला जे म्हणालात ते मी ऐकलं. (चोरून नव्हे. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चोरून ऐकायची गरजच पडत नाही, न ऐकायचं कसं हीच पंचाईत.) जावयाला चार महिने नोकरी नाही, नोव्हेंबरअखेर व्हिसा संपतो, तू आभाला घेऊन पुण्याला निघून ये, तुझी खोली तशीच आहे, असं तुम्ही म्हणालात. मुलीच्या बापाने हेच म्हणावं. मी तुमच्या जागी असतो तर एव्हाना तिकिटं पाठवून मोकळा झालो असतो. पण त्या दिवसापासून उर्वी सकाळी बॅग भरायची आणि संध्याकाळी आभाला शाळेचा फ्रॉक लागला की पुन्हा रिकामी करायची. दर्शन ते बघायचा आणि बाल्कनीत जाऊन खालच्या गाड्या मोजायचा. दुबईत टॉवर बांधणारा माझा मुलगा गाड्या मोजत बसलेला मला बघवेना.

आता धंद्याचं तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या हिच्या हातची भाजणी, मेतकूट आणि उपासाचं पीठ विकायचं म्हणून इंडस्ट्रियल एरियात एका गोदामाचा मागचा गाळा घेतला. भट्टी आणली, गिरणी मी जोडली. (साखर कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण मशिनींच्या मॅन्युअलमधून. त्यामुळे माझं इंग्रजी असं आहे की मला पंप उघडता येतो, पण कुणाची विचारपूस करता येत नाही.) फक्त बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, कागद यायचा बाकी होता. तो आला की धंदा कायदेशीर, मग दर्शनचा व्हिसा त्या धंद्यावर, त्याच्या जिवावर उर्वी आणि आभा. नाही आला तर खलास, तुमचा फोन खरा. आणि तपासणीला सोळा दिवस उरले असताना गाळ्यात घूस निघाली.

घूसच. दर्शन म्हणत होता उंदीर. मी म्हटलं, बाबा, मी कारखान्याच्या पोत्यांमध्ये जन्म काढलाय, उंदीर पोत्याला भोक पाडतो, हिने दरवाजा पाडलाय. दोन पोती हरभरा डाळ आणि तयार भाजणीचे सगळे डबे बाद. वर एसीचं पाणी जिथे ठिबकतं तिथे तिने पुठ्ठे, सुतळी आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या रचून चांगला बांध घातला होता. बांधकाम बघून दर्शन दोन मिनिटं उभाच राहिला. "लेव्हल चांगली आहे," म्हणाला. चार महिन्यांत त्याने कशाचं कौतुक केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दर्शनने दुकानातून चिकटपट्ट्या आणल्या. पुठ्ठ्यावर गोंद असतो, प्राणी त्यावर चिकटतो. पाकिटाला पंधरा दिरहॅम, म्हणजे आपले एकशे नव्वद रुपये. पहिल्या दिवशी दोन पाली, दुसऱ्या दिवशी दर्शनचा बूट. ही म्हणाली, जिवाला असं चिकटवून ठेवायचं आणि आपण शेजारी उभं राहून भाजणी भाजायची, मला जमायचं नाही. पट्ट्या बंद.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरचे मकलीनसाहेब कॅनडाला परत निघाले. त्यांचीही नोकरी गेली. विजयकुमारराव, या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट उघडली की आत माणूस कमी आणि सोफा जास्त. जाणारा माणूस नेता येत नाही ते दारात मांडतो आणि म्हणतो, घ्या. मकलीनसाहेबांच्या दारात मला लोखंडाची मोठी पेटी दिसली. लोखंड म्हटलं की माझा पाय अडखळतोच. आत तीन सापळे, तिन्ही वेगवेगळ्या जातींचे. त्यांचे वडील तिकडच्या नद्यांवर बीव्हर पकडायचे, त्यांची आठवण म्हणून साहेबांनी इतकी वर्षं ते दिवाणखान्यात टांगले होते. विमानात एवढं वजन नेता येईना. मी घुशीचं सांगितलं तर त्यांनी पेटी माझ्या हातात दिली, वर वडिलांची एक जुनी चित्रांची पुस्तिकाही दिली. निघताना ते पेटीवरून हात फिरवत राहिले. मी म्हटलं, "साहेब, आय ऑइल डेली." ते हसले. (ऑइल मी अजूनही करतो.)

बीव्हर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. मलाही नव्हतं. घुशीचा परदेशात स्थायिक झालेला थोरला चुलता समजा. शेपूट वल्ह्यासारखं चपटं, दात केशरी, झाडं पाडतो आणि नदीला धरण बांधतो. जन्मजात सिव्हिल इंजिनियर. त्याला कुणी प्रोजेक्ट बंद म्हणून सांगत नाही, एवढाच आमच्या दर्शनमध्ये आणि त्याच्यात फरक. पुस्तिका मी तीन दिवस डिक्शनरी घेऊन वाचली. त्यात म्हटलं आहे की सापळा निवडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पाणी किती खोल आहे? प्राणी कोणत्या वाटेने येतो? आणि तो तुम्हाला जिवंत हवा की मेलेला? पहिल्याचं उत्तर सोपं होतं. एसीचं पाणी, अर्धा इंच. दुसऱ्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसरा प्रश्न मी पुढे ढकलला. (कठीण प्रश्न पुढे ढकलले की निम्मे आपोआप सुटतात आणि उरलेले निम्मे बायको सोडवते, हा माझा अनुभव.)

पहिला सापळा पाय धरणारा. दोन दातेरी जबडे, मध्ये ताटली, ताटलीवर पाय पडला की जबडे मिटतात. पुस्तिका म्हणते, अनुभवी माणसाने वापरावा. मी एकतीस वर्षांचा अनुभवी, तेव्हा तो आधी घेतला. गाळ्यात आमच्याकडे मैमुनाबी म्हणून हैदराबादच्या बाई पॅकिंगला येतात. त्यांनी तो उघडलेला सापळा बघितला आणि विचारलं, "दादाजी, ये चूहे के लिए है कि ऊँट के लिए?" मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चाचणी म्हणून ताटलीवर वांगं टाकलं. विजयकुमारराव, न भाजता भरीत झालं. थोडं छताला लागलं. हिने तिथल्या तिथे हुकूम काढला की ज्या गाळ्यात आभा शाळेतून येऊन पळते तिथे हे राहणार नाही. तिचं बरोबर होतं. तो परत पेटीत.

दुसरा तारेचा चौकोनी, दोन्ही बाजूंना कमानी, मधून जनावर गेलं की मानेला धरतो. तत्काळ काम, यातना नाहीत, असं पुस्तिका म्हणते. मला तो पटला होता. फक्त तो ताणून लावायला जोर लागतो, आणि लावताना कोणती कमान आधी दाबायची ते चित्राच्या पुढच्या पानावर होतं. मी आधीच्याच पानावर होतो. सापळा माझ्या लेंग्याच्या पायाला मिटला. पाय वाचला, देवाची कृपा आणि माझ्या शिंप्याची, कारण तो लेंगे ढगळ शिवतो. पण सापळा काही केल्या सुटेना. लेंगा सोडून जावं तर मैमुनाबी समोर. शेवटी दोन अडीच किलो लोखंड ओढत मी कोपऱ्यावरच्या पठाणाच्या हार्डवेअर दुकानात गेलो. त्याने पहारीने कमान दाबली, लेंगा सोडवला, चहा पाजला आणि काय पकडत होतात म्हणून विचारलं. मी घूस म्हटलं. त्याने लेंग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि दुसरा चहा सांगितला. नेमकी शाळेची बस समोरून गेली आणि आभाने सगळं बघितलं. घरी आल्यावर म्हणाली, "आजोबा, यू आर सो एम्बॅरसिंग. माय होल बस सॉ यू." मी म्हटलं, बाळ, बसमधल्या सगळ्यांना सांग, आमचे आजोबा बीव्हर पकडतात. दुसऱ्या दिवशी तिने खरंच सांगितलं, आणि आता तिच्या वर्गात माझा मान आहे.

राहिला तिसरा. हा मला खरं म्हणजे पहिल्यापासून आवडत नव्हता. हा मारत नाही. जाळीची मोठी सुटकेस समजा, दोन्ही पाखं उघडून जमिनीवर अंथरायची, जनावर आत आलं की मिटते, आणि जनावर आत जिवंत, सुखरूप, फक्त रागावलेलं. फिटर माणसाला वाटतं काम केलं तर पुरं करावं, हे अर्धंच. पण पुढे ढकललेला तिसरा प्रश्न आता समोर येऊन बसला होता. त्याच दिवशी सकाळी आमच्या बिल्डिंगमधलं आणखी एक कुटुंब गेलं. एक महिन्याची नोटीस, मुलांची सायकल लॉबीत, आई मुलांना सांगत होती की सुट्टीला चाललोय. ते बघून वर आलो आणि तिसरी सुटकेसच काढली. निदान आपण तरी कुणाला नोटिशीशिवाय काढू नये.

शेंगदाणा, गूळ आणि थोडं तूप, असा लाडू वळून आत ठेवला. मला स्वतःला खावासा वाटला असा लाडू. पहिल्या दिवशी सकाळी लाडू तसाच. दुसऱ्या दिवशी तसाच. सहा दिवस लाडू बदलत राहिलो, घूस काही आत शिरली नाही, आणि तपासणीला चार दिवस उरले. गंमत म्हणजे आम्ही सगळी पोती लोखंडी कपाटांत बंद केली होती. तिला खायला कणभर नव्हतं. तरी मैमुनाबींना ती एकदा दिसली तेव्हा म्हणाल्या, "उपासमार? अरे, वो तो मेरी ननद जैसी हो गई है." मी पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून वाचली. दर्शन कोपऱ्यात बसून नुसता बघत होता, आणि घरी उर्वीने या खेपेला बॅग भरून रिकामी केली नाही. आभाचा फ्रॉक तेवढा वर ठेवला होता.

उलगडा मैमुनाबींनी केला. सकाळी लवकर आल्या तर त्यांना मागच्या दाराच्या आत, भट्टीच्या आडोशाला, एक छोटी वाटी सापडली. चाटून पुसून लख्ख. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी ती हिच्यापुढे धरली. ही शांतपणे म्हणाली, "ती माझी आहे. गोग्रासाची."

विजयकुमारराव, आमच्या घरी चूल पेटली की पहिला घास गाईचा. ही लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे बेचाळीस वर्षं, एक दिवस चुकलेली नाही. इथे भट्टी पेटली तशी हिने पहिल्या दिवसापासून पहिल्या भाजणीचं एक छोटं थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, वाटीत काढून मागच्या दाराशी ठेवायला सुरुवात केली होती. मी विचारलं, "अगं, शारजात गाय कुठे आहे?" ती म्हणाली, "नाही म्हणून काय नियम मोडायचा? आपलं ठेवायचं काम. कोण खातं ते आपण बघायचं नसतं." मी म्हटलं, "घूस खाते!" त्यावर ती म्हणाली, "म्हणजे फुकट तर जात नव्हतं." मैमुनाबी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीही हसलो असतो, पण एकेचाळीस दिवस माझ्या घुशीला लोणी, आणि मला कोलेस्टेरॉल म्हणून सुकं थालीपीठ, हा हिशेब त्याच क्षणी डोक्यात आला.

हिला समजावलं. घास मोडायचा नाही, फक्त जागा बदलायची. आता ती सकाळी खालिद लगूनच्या, म्हणजे इथल्या खाडीच्या, काठावर जाऊन पक्ष्यांना घालते. पक्षी समुद्राचे, पण थालीपिठाला नाही म्हणत नाहीत. इकडे वाटी बंद झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुटकेस मिटलेली. आत घूस, लाडू फस्त, आणि आमच्याकडे अशी बघत होती की जणू चूक आमची आहे.

तो तपासणीचाच दिवस. दर्शन गाडी आणायला गेला, आणि बलदियाची गाडी सांगितल्या वेळेच्या तासभर आधी दारात. मला काही सुचेना. सुटकेस उचलली, मागच्या दाराने बाहेर गल्लीत नेली, वरून पंचा टाकला आणि वरच बसलो. आत उर्वी कागद दाखवत होती. थोड्या वेळाने तपासणीच्या बाई मागची मोरी बघायला त्याच दाराने बाहेर आल्या. जुलेखा त्यांचं नाव. इथल्याच, काळा पायघोळ अबाया घातलेल्या, वयाने उर्वीएवढ्या, हिंदी छान बोलणाऱ्या. माझ्यासारखा म्हातारा माणूस सुटकेसवर बसलेला बघून त्यांचा चेहरा एकदम उतरला. या वर्षी त्यांनी असे पुष्कळ बघितले असणार. हळूच म्हणाल्या, "बाबा, आप भी जा रहे हो? इंडिया वापस?"

खोटं बोलता आलं असतं. नुसती मान हलवली असती तर त्या दया येऊन पुढे गेल्या असत्या. पण विजयकुमारराव, आपल्याबद्दल ज्याला वाईट वाटलं त्याला फसवायचं म्हणजे देवळातली चप्पल चोरण्यासारखं. मी उठलो, पंचा काढला आणि म्हणालो, "मैं नहीं जा रहा, मॅडम. ये जा रही है. नोटीस दे दी है."

त्या तीन पावलं मागे गेल्या. उर्वी दारात पांढरीफटक. मला वाटलं, आता खलास. मी सगळं सांगून टाकलं, गोग्रास, वाटी, लोणी, बेचाळीस वर्षं, बीव्हर, मॅन्युअल. बाई तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, माझी आई पण रोज मांजरांना पहिला घास ठेवते, पण अंगणात, गोदामात नाही. मग वही काढून चेहरा कडक केला आणि लिहिलं की एवढी एवढी भोकं बुजवा, मोरीला जाळी लावा, आठ दिवसांनी पुन्हा बघेन. पास नाही, पण नापासही नाही. जाताना म्हणाल्या, "इसको दूर छोड़ना, बाबा."

दूर कुठे? दर्शननेच जागा सुचवली. त्याचा बंद पडलेला टॉवर. अठ्ठावीस मजल्यांवर काम थांबलेलं, कुंपणाच्या पलीकडे मोकळी वाळू. मी आणि तो गेलो, सुटकेस उघडली. ती बाहेर आली, एकदा वर बघितलं आणि आत गेली. अठ्ठावीस मजले एकटीला. दर्शन कुंपणापाशी बराच वेळ उभा होता. मला वाटलं रडेल. तर म्हणतो, "बाबा, सिमेंट घेऊन जाऊ या."

पुढचे चार दिवस त्याने गाळ्याची भोकं बुजवली. लोखंडी काथ्या कोंबून वर सिमेंट, पाणी मारणं, लेव्हल बघणं. एवढ्याशा भोकाला इतकी काळजी कोणी घेतली नसेल. काम करताना तो शीळ घालत होता, लहानपणी घालायचा तशी, बेसूर. आठ दिवसांनी जुलेखाबाई आल्या, टॉर्च मारून बघितलं, भिंतीवर बोट फिरवून विचारलं, "किसने किया?" दर्शन म्हणाला, "मैंने." त्या म्हणाल्या, "अच्छा काम है." परवा कागद आला. व्हिसाचं काम सुरू झालं, इन्शाल्ला या महिन्यातच होईल. आणि अल मजाजच्या एका मोठ्या दुकानाने चाखून बघून भाजणीची ऑर्डर दिली आहे. तेव्हा उर्वीची खोली तूर्त तशीच ठेवा, पण ती सुट्टीला येईल या हिशेबाने.

गुडघ्याला जपा. आभाचे तुम्हा दोघांना नमस्कार, तिने इंग्रजीत केले आहेत, मी मराठीत पोचवतो.

तुमचा,
आत्माराम

ता. क. : आता मूळ मुद्दा. दुकानदाराने चाखली ती भाजणी आमच्या हिची नव्हती. आमची सगळी घुशीच्या पायी टाकून दिली होती आणि रोजच्या गोग्रासापुरती सोडली तर नवी भाजायची बाकी होती. दिवाळीला विहीणबाईंनी उर्वीकडे पाठवलेली पिशवी घरात होती, तिचं थालीपीठ मी गुपचूप नेलं. त्याने पहिला घास खाल्ला आणि महिन्याला साठ किलो म्हणाला. आता साठ किलो आणायची कुठून? तेव्हा विहीणबाईंना दोन महिन्यांसाठी इकडे पाठवावं ही हात जोडून विनंती. त्या धणे जास्त भाजतात की आणखी काय करतात ते तेवढं हिने पाहावं. व्हिजिट व्हिसा आम्ही काढतो. मुलीला भेटायला येताहेत असं म्हणा.

दुसरा ता. क. : हिला यातलं काही कळू देऊ नका. पत्र वाचून फाडावं.

तिसरा ता. क. (अक्षर वेगळं आहे, घाबरू नये) : विजयकुमारभाऊजी, पाकिटाला डिंक लावायला यांनी पत्र माझ्याकडेच दिलं. थालीपीठ यांनी नेलं, पण थापलं कोणी? हे सकाळी स्वयंपाकघरात गेले तर त्यांना गॅससुद्धा पेटवता येत नाही. दुकानदाराला कुठली द्यायची ते मीच ठरवलं. अनुराधाताईंची भाजणी माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मला उर्वी लग्न होऊन आली त्या वर्षीच कळलं होतं, आजवर कोणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही. त्यांना पाठवाच, आणि तुम्हीही या. इथे लिफ्ट आहे. उर्वीचं म्हणाल तर या घरात दोन वर्षांत तिने भिंतीला खिळा ठोकला नव्हता, जायचंच आहे तर कशाला म्हणायची. काल पठाणाकडून हातोडी आणून तिने एक ठोकला. त्यावर काय टांगायचं ते अजून ठरायचं आहे.

सौ. सुलक्षणा